मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला एकही दंड झाला नव्हता. हे ते ओळख झाल्या झाल्या सांगून टाकत. चौकात रस्त्यावर आखलेल्या पिवळ्या जाळीवर तर त्यांचं व्याख्यानच होतं: पलीकडे गाडीपुरती जागा असेल तरच आत शिरायचं, जाळीत थांबला तो मेला. घरी जेवतानाही बायकोला तेच. एकदा तिला शिकवायला घेतलं, तर असे ओरडले की ती गाडी रस्त्यातच सोडून चालत घरी गेली.

यंदा मात्र ती शिकायला लागली, आणि तीही त्यांच्याच ड्रायव्हिंग शाळेतल्या नव्या मास्तरकडे. तेव्हापासून यांच्या पोटात दुखायला लागलं.

"ओरडला का आज?" ते मुद्दाम विचारत.

"छे! किती शांत आहेत ते."

'ते'! कालच्या त्या पोराला 'ते'! मास्तरांना घास गोड लागेना.

अशात एका सकाळी दातांचे एक डॉक्टर चालवायला शिकत होते आणि मास्तर शेजारी बसले होते. जाळी ओलांडताना समोरून शाळेची दुसरी गाडी आली. चालवत होती बायको, शेजारी नवा मास्तर, आणि बाईसाहेब खो खो हसत होत्या. मास्तरांच्या शेजारी ती अशी कधी हसली होती? शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो कधी दाबला गेला हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. गाडी जाळीच्या मधोमध उभी राहिली, कॅमेऱ्यानं टिपली, आणि दंड आला.

आता तो नवा मास्तर दात काढणार! मास्तरांनी तडक हरकत घेतली: पुढची गाडी अचानक थांबली, म्हणून आम्ही थांबलो. सुनावणीला नव्या कोऱ्या लायसनवाल्या बायकोनंच त्यांना गाडीतून नेलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. पुढे रस्ता मोकळा. दिसली ती फक्त बाजूनं गेलेली गाडी आणि तिच्यातली हसणारी बाई. बायको आधी पडद्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे.

"पुढची गाडी कुठंय हो?" साहेब म्हणाले. "का शिकणाऱ्यानंच ब्रेक मारला?"

पळवाट आयती होती. डॉक्टर काही तिथे नव्हते. पण बायको होती.

"नाही," मास्तर पुटपुटले. "मीच मारला."

दंड कायम झाला.

परतताना त्याच चौकात बायको जाळीच्या अलीकडे थांबली. मागचे गाडीवाले भोंगे वाजवून कावले, तरी पलीकडे जागा होईपर्यंत हलली नाही.

"त्यानं शिकवलं वाटतं?"

"त्यानं कशाला? रोज जेवताना कुणाचं ऐकते मी?"

मास्तर सुखावले. पण जळकं मन गप्प बसेना. "मग त्या दिवशी एवढी हसत कशाला होतीस?"

"त्यांना तुमची नक्कल करून दाखवत होते. 'अगं क्लच! क्लच म्हणतोय ना!'"

आणि ती पुन्हा तश्शीच खो खो हसली. मास्तरांचा पाय खाली जोरात दाबला गेला, पण घरच्या गाडीला त्या बाजूला ब्रेक नव्हता.