गावच्या पाच गवऱ्या

सारजाबाई रोज सकाळी भिंतीवर गवऱ्या थापायची आणि शेवटच्या पाच मात्र लिंबाकडच्या कोपऱ्यात, वेगळ्या. त्या गावच्या. गावात कुणी गेलं की घरटी पाच गवऱ्या सरणाला द्यायच्या, असा रिवाज. गवऱ्या घेऊन गेलेला माणूस सरण पेटेपर्यंत थांबायचाच. सारजाबाईच्या गवऱ्या शेजारचा कडूबा न्यायचा. तिला ना मालक उरला होता, ना मूल. पण आपल्या मयतीला कोण येईल, ही काळजी तिला कधी शिवली नाही. गाव होतं की!

मग औरंगाबाद पसरत पसरत वेशीशी आलं आणि गाव पालिकेत गेलं. मसणवटीत पत्र्याची शेड उभी राहिली.

"काकू, आता लाकूड फुकट," कडूबा सांगत आला. "पालिकेचा ट्रॅक्टर टाकून जाणार. गवऱ्या बंद!"

गाव खूश झालं. सारजाबाई मात्र नाही. ट्रॅक्टर लाकडं आणील. माणसं कोण आणील?

दुसऱ्या दिवशी तिनं पालिकेच्या कचेरीत जाऊन त्रिंबक कारकुनाच्या टेबलावर पाच गवऱ्या मांडल्या.

"माझ्या नावावर जमा करा."

"मावशी, ह्या काय फायलीत लावू?"

"फायलीपरीस बऱ्या जळतील."

सगळी कचेरी हसली. त्रिंबकनं तिला बसवलं, चहा मागवला. "अहो, तुमच्याच घरपट्टीतून लाकूड येतं. म्हणजे तुम्ही दिल्यासारखंच की."

"पट्टी भरणारा मयतीला येतो व्हय?"

त्रिंबकनं मंजुरीचा कागद काढून वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, "मंजुरी फक्त लाकडाला हाय, मावशी. पेटवणाचं कागदात काय बी नाय. ते आणायला कोण अडवतंय?"

एवढं तिला पुरलं. परतल्यावर ती दारोदार सांगत सुटली, "सरकारी हुकूम हाय! लाकूड पालिकेचं, पेटवण घरटी पाच गवऱ्या."

"लेखी हाय का, काकू?" कडूबानं डोळा बारीक केला.

"तुला वाचता येतं का, मेल्या?"

हुकूम लागू झाला. पुढं बरीच वर्षं चालला.

सारजाबाई गेली त्या दिवशी घरटी माणूस आला. गवऱ्या इतक्या झाल्या, की पालिकेचं निम्मं लाकूड तसंच उरलं. पेटवणाला पहिल्या पाच कडूबानं लिंबाकडच्या कोपऱ्यातून आणल्या होत्या.

आदल्या दिवशी शेजारची बानाबाई चुलीला गवऱ्या मागायला आली, तेव्हा बाजेवरूनच म्हातारी म्हणाली होती, "लिंबाकडच्या सोडून घे गं. आन् खालची रांग ओली हाय अजून."