लेहबेरीची शेवटची दोन बोटं

भावानं शेवटच्या सुट्टीत लडाखहून एक रोप आणलं होतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात रेती, खडे आणि मधोमध वीतभर काटेरी काडी. त्याच्या पलटणीत तिला लेहबेरी म्हणत. महिनोन्‌महिने बर्फात काढून ती नारिंगी, आंबट फळं देते म्हणे.

"आबा, पाणी लय देऊ नका," निघताना त्यानं वडलांना बजावलं. "लाड केले की मरतं हे."

"तुझे काय कमी केले व्हय?" आबा म्हणाले. "तू कुठं मेलास?"

आम्ही सगळे हसलो.

महिन्याभरात त्याचा ट्रक दरीत गेला.

तेराव्याला एक पुढारी आले. भाषणात त्यांनी भावाचं नाव दोनदा चुकवलं आणि अंगणातल्या डब्याकडं हात करून म्हणाले, "साक्षात हिमालय या घरी उतरला आहे." कुणीतरी लगेच हिमालयाला हार घातला. हिमालय वाकला.

दुसऱ्या दिवशी आबांनी डब्यातली रेती उपसून टाकली. "लेकराची वस्तू, अन् असल्या खड्यात?" शेतातली काळी माती आणून त्यांनी काडी अंगणात लावली. उन्हाळा लागल्यावर महादेवाच्या पिंडीवर टांगतात तशी तिच्यावर गळती टांगली: बुडाला भोक पाडलेलं मडकं, दिवसभर थेंब थेंब. आमच्या वालूर गावात काळ्या मातीवर शंका घेणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

मी परभणीला जाऊन शेतीतल्या एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, काळी माती पाणी धरते, मुळं कुजतील. मडकं काढा, परत रेतीत लावा. येताना एसटीत मी हे आबांना कसं सांगायचं ते जुळवत होतो. घरी पोचलो तर आबा मडकं भरायलेत.

"तहान लागत आसंल," ते म्हणाले. "तिकडं बर्फ ऱ्हायचा."

जन्मभर पुस्तकं वाचून मला तेवढं एक वाक्य जमलं नाही.

पानं गळाली. आबा रोज सकाळी काडीवर नख ओढून बघू लागले. सालीखाली हिरवं दिसलं की जीव आहे. शेंड्याला तपकिरी लागलं, मग त्याच्या खाली, मग आणखी खाली. शेवटी मातीच्या वर दोन बोटं काडी उरली, तेव्हा मी म्हणालो, "आबा, पाणी जास्त झालं. मला आधीच कळलं होतं."

"मलाबी," ते म्हणाले. "त्यानं सांगितलंच व्हतं की."

त्या दिवसापासून मडकं कोरडं आहे, पण काढलेलं नाही. वाऱ्यानं हलतं. परवा मी वाकून त्या दोन बोटांना नख लावायला गेलो, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"तेवढं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.