पृथ्वीचा देठ

पृथ्वी फुगते आहे, असा आमच्या साडूंचा सिद्धांत. निवृत्तीनंतर सड्याच्या उघड्या पठारावर फिरताना कातळातल्या भेगा पाहून त्यांना तो सुचला, आणि फणसाने तो पक्का केला. कुयरीचे, म्हणजे कोवळ्या फणसाचे, काटे दाटीने असतात; फणस वाढला की ते एकमेकांपासून दूर जातात. खंडही तसेच दूर गेले. महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या बाईंनी हे एकदा मान्य करावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्यासाठी त्यांना मी हवा होतो.

"शास्त्रीबुवा, पृथ्वी शब्द प्रथ् धातूवरून आला ना? प्रथ् म्हणजे पसरणे. तेवढं तिथे ठणकावून सांगा."

मी सकाळी जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वी पृथ्वीची क्षमा मागणारा माणूस. तिला फणस म्हणणे मला रुचले नाही. पण साडूंना एकटे पाठवणे त्याहून धोक्याचे होते.

बाईंच्या टेबलावर त्यांनी एक कुयरी आणि एक पिकलेला फणस मांडला. खोलीभर घमघमाट सुटला. बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"काका, ही कल्पना जुनी आहे. काही अभ्यासकांनीही ती मांडली होती. पण आता उपग्रहांच्या मदतीने पृथ्वी मोजतात. ती फुगत नाही. आणि कातळ उन्हापावसाने भेगाळतो."

"खंड सरकतात म्हणणाऱ्यालाही आधी हसलेच होते."

"हसले होते. मग पुरावे मिळाले. तुमचा फणस वाढतो, कारण त्याला देठातून रस मिळतो. पृथ्वीचा देठ कुठे आहे?"

साडूंनी देव्हाऱ्याकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. मला शेष आठवला. परंतु शेष पृथ्वी तोलून धरतो, तिला पोसत नाही.

"देठाचा उल्लेख माझ्या वाचनात नाही," मी म्हणालो. "आणि प्रथ् धातूचा अर्थ वैयाकरण 'प्रसिद्ध होणे' असा देतात. त्या हिशेबाने ती फुगलेली नव्हे, नुसती नावाजलेली ठरेल. पसरणे हाच अर्थ घेतला, तरी पृथ्वी म्हणजे विस्तीर्ण. अजून पसरतेच आहे, असे त्यातून निघत नाही."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे सौजन्य.

परतताना रिक्षात साडूंनी फणस मांडीवर घेतला. मग म्हणाले, "एखादा श्लोक तिथल्या तिथे रचून म्हटला असतात, तर काय बिघडलं असतं? तिला कुठे संस्कृत येतं?"

"मला येतं ना."

"मग साडू कशाला झालात?"

हा प्रश्न व्याकरणाचा नव्हता.