मामंजींच्या नाकपुड्या

आमच्या मामंजींचा हात उठायच्या आधी त्यांच्या नाकपुड्या फुलायच्या. सासरी आल्यावर मी पहिली गोष्ट शिकले ती ही. दुसऱ्या घरांतल्या सुना सासऱ्याची चाहूल लागली की पदर सावरतात. मी नाकपुड्या बघून लांब सरकायची. त्या फुलल्या की हाताला लागेल ते सुटायचं. तांब्या, अडकित्ता, अत्तराच्या बाटलीचं काचेचं बूच, आणि काहीच नसलं तर नुसता पंजा. तो पंजा मात्र नुसता म्हणावा असा नव्हता.

कल्याणला पारनाक्याजवळ आमचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, त्यामागे परसात भट्टी. उटणं, अष्टगंध, वाळ्याचं अत्तर, मोगऱ्याचं तेल, केवड्याचं पाणी, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन ठाण्याहून इथे आले, तेव्हा माहेरच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, मजा आहे बाई तुझी, अत्तरात लोळशील. सासूबाई वारून बरीच वर्षं झाली होती. घरात माणसं तीन, मामंजी, हे आणि मी. चौथी भट्टीजवळच्या खुंटीला टांगलेली, पितळी मुठीची वेताची छडी. तिचा मान आम्हा सगळ्यांच्या वर होता.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी न्हाऊन, केसांना तेल लावून ओटीवर आले. मामंजी मापं पुसत बसले होते.

"सूनबाई, हे तेल कोणी कढवलं?"

"आईने. येताना बाटली दिलीय."

"आण बघू ती."

मी आणली. त्यांनी बूच काढून हुंगलं, "खवट" एवढंच म्हणाले आणि बाटली दगडी पायरीवर आपटली. आईने चुलीपुढे बसून कढवलेलं तेल मातीत गेलं. मला रडू येत होतं, पण माझा राग रडण्याच्या आधी पोचतो. मी तशीच आत गेले, फळीवरची गुलाबपाण्याची भरलेली बाटली उचलली आणि त्याच पायरीवर आपटली. हे दारात उभे होते, ते पांढरेफटक पडले. मामंजींच्या नाकपुड्या फुलल्या. मी गाल पुढे करून उभीच राहिले. मामंजी खाली वाकले, काचांवरून नाक फिरवलं आणि म्हणाले, "गुलाब पाणचट उतरला होता. फुटला ते बरं झालं." त्यानंतर त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. शिवाय दर महिन्याला ठाण्याला आईकडे मोगऱ्याच्या तेलाची बाटली जाऊ लागली. ती कोण पाठवतं हे घरात कोणी विचारायचं नाही.

बाकीच्या जगाला ही सवलत नव्हती. एकदा मुंबईचा एक दलाल विलायती अर्क घेऊन आला. अस्सल केवडा म्हणाला. मामंजींनी बूच काढलं, नाकाशी नेलं, आणि दुसऱ्या क्षणी त्या माणसाची मानगूट त्यांच्या मुठीत होती. दुकानातून, माजघरातून, माझ्या चुलीपुढून फरफटत त्याला परसात नेलं. तिथे कोपरच्या खाडीकाठून आलेल्या केवड्याच्या कणसांचा ढीग पडला होता. "हा केवडा! हुंग!" असं ओरडत त्यांनी त्याचं तोंड त्या काट्यांत दाबलं. तो गुरासारखा ओरडला. मी आणि ह्यांनी मिळून मामंजींना ओढलं तेव्हा त्याच्या गालांवरून रक्ताचे ओघळ चालले होते. पुढचं ऐका. त्याच दलालाला पाटावर बसवून मामंजींनी स्वतः त्याच्या गालातला एकेक काटा काढला, हळद भरली आणि मला म्हणाले, "पाहुण्याचं पान वाढ." माणूस असा होता. शिव्या द्याव्यात तर घास अडायचा, आणि पाया पडावं तर पाठ दुखायची.

"वास सगळ्यांनाच येतो, सूनबाई," ते म्हणायचे. "चूक कळायला भीती लागते." ही भीती त्यांनी वडिलांकडून घेतली होती. घराण्याची रीतच तशी होती. खंडेनवमीला भट्टी, तांब्याची भांडी, मापं, खलबत्ते घासूनपुसून मांडायचे आणि प्रत्येक वस्तूला चंदनाचं तेल चोळून पूजा करायची. एरवी त्या तेलाचा थेंबही सांडू द्यायचे नाहीत, पण त्या दिवशी हात सैल. छडीही त्या मांडणीत असायची आणि तिलाही तेल. दुसऱ्या दिवशी दसरा. सातवं वर्ष लागलं की घरातलं मूल दर दसऱ्याला डोळे बांधून पाटावर बसवायचं आणि त्याच्या नाकाखाली अत्तराचे फाये धरायचे. ओळखलं तर पुढचा फाया, चुकलं तर छडी.

मामंजींच्या पाठीवर त्या दसऱ्यांचे वळ म्हातारपणीही दिसत. डाव्या कानाची पाळी चेपलेली होती. ती दाखवत ते मोठ्या कौतुकाने सांगायचे, "पहिल्या वर्षी मी सगळ्यालाच चंदन म्हणायचो. केवडा धरला, चंदन. मोगरा धरला, चंदन. वडिलांनी झोडपून झोडपून ते चंदन माझ्या नाकातून काढलं, म्हणून आज हा धंदा उभा आहे." आणि हसायचे. मीही हसायची. हसू नये असं त्यात काही आहे हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

ह्यांना वास येत नाही, हे मला लग्नानंतर महिन्याभराने कळलं. हे चुलीशेजारी वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि त्यांच्या गुडघ्याशी दूध करपून कोळसा झालं. मी परसातून धावत आले, तर हे मान वर करून म्हणतात, "काय झालं?" अत्तरवाल्यांचा एकुलता एक मुलगा गिरणीच्या कचेरीत कारकुनी का करतो, याचं उत्तर मला तिथे मिळालं. पण वास का येत नाही हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगितलं कोपरच्या भागीबायने. केवड्याची कणसं तीच आणायची, तिच्या सासूच्या वेळेपासून.

"तुला कोनी सांगला नाय?" ती टोपली उतरवत म्हणाली. "दसऱ्याचे दिशी मी केवरा घेऊन आलेली. पोराचे डोले बांधलेले. तुझा सासरा इचारतंय, पोर बोलतंय, सासरा मारतंय. मंग छडी उलटी धरली न् मूठ घातली नाकावं. रगत कवरा गेला, बाय! तवापासून तुझ्या दादल्याला वास नाय."

त्या दिवशी मी मामंजींचं ताट आपटूनच वाढलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"भागी बोलली वाटतं."

"हो."

"त्याला नाक होतं," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं."

"मग मारलंत कशाला?"

"नाक असून चुकत होता म्हणून." असं म्हणून ते अर्ध्या जेवणावरून उठले. उष्टं ताट समोर ठेवून मी बसून राहिले. इतका राग आणि इतकी दया एकाच माणसाची मला त्याआधी कधी आली नव्हती.

मग आमचा सदू झाला. मामंजी त्याला खांद्यावर घेऊन भट्टीभोवती फिरायचे. सदू रांगत होता तेव्हापासून त्यांच्या बोटाला नाक लावून त्यांना ओळखायचा आणि खिदळायचा. ताप आला की रात्रंदिवस त्याच्या उशाशी तेच बसत. पोराला नाक होतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मला त्याच नाकाची धास्ती. सदू सातव्या वर्षात आला आणि दसरा जवळ येऊ लागला, तसं मला अन्न गोड लागेना.

मी ह्यांना म्हटलं, "आपण ठाण्याला जाऊ." हे म्हणाले, "बाबा आता थकलेत. नाही मारणार." ह्यांच्या असल्या बोलण्याने मला दुप्पट संताप येतो. मग मी सरळ मामंजींपुढे उभी राहिले. "सदूला छडी लागली तर त्याच पावली मी माहेरी जाईन. नातू पुन्हा दिसायचा नाही."

"तो चुकणार नाही," मामंजी म्हणाले. त्यांचा खरंच तसा विश्वास होता.

खंडेनवमीला त्यांनी सगळ्या वस्तूंना तेल लावलं. छडी तर मांडीवर घेऊन मुठीपासून टोकापर्यंत चोळली. दसऱ्याला सकाळी खोली धुऊन घेतली, दारं लावली, डाळीच्या पिठाने हात धुतले. परीक्षेच्या वेळी दुसरा कसलाही वास नको, हा त्यांचा दंडक. सदू डोळे बांधून पाटावर बसला. हे भिंतीशी. मी दाराशी, आणि माझ्या हातात केवडा तोडायचा कोयता होता. तो का उचलला ते मला विचारू नका.

"मोगरा," सदू म्हणाला. बरोबर. "केवडा." बरोबर. मामंजींचा चेहरा असा फुलला की माझी मूठ सैल झाली. तिसरा फाया वाळ्याचा. सदू जरा थबकला. मामंजींनी सवयीने मांडीवरची छडी उचलली आणि तिचं टोक त्याच्या तोंडापुढे धरलं.

"बोल."

"चंदन."

"नीट हुंग." छडी गालाला टेकली.

"चंदनच, आजोबा. आता तर जास्तच येतंय."

नाकपुड्या फुलल्या. छडी सणसणत सदूच्या खांद्यावर उतरली आणि पोराने किंकाळी फोडली. मी कोयता घेऊन धावले, पण माझ्याआधी हे पोचले होते. जन्मात कधी आवाज न चढवलेल्या या माणसाने बापाचं मनगट धरून पिरगाळलं, त्यांना भिंतीवर आदळलं, खाली पाडलं आणि छडी हिसकावली. छातीवर गुडघा रोवून, छडी उलटी धरून त्यांनी ती पितळी मूठ मामंजींच्या नाकावर उगारली.

"मीपण चंदनच म्हणालो होतो!" हे ओरडले. आवाज ओळखू येत नव्हता. "छडी नाकाला लावून विचारत होतात तुम्ही! मला चंदनच येत होतं, बाबा, चंदनच!"

मूठ नाकापासून बोटभर अंतरावर थांबली. मामंजी खाली पडले होते आणि त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. या वेळी रागाने नव्हे. ते हुंगत होते. लहानपणापासून त्या छडीखाली वाढलेलं ते नाक, अख्ख्या कल्याणात नावाजलेलं, तो वास बहुधा पहिल्यांदाच घेत होतं.

"छडीला येतोय," ते म्हणाले. "मीही चंदनच म्हणायचो रे." मग डोळे मिटून, "मार."

ह्यांचा हात खाली आला नाही. तेव्हा मामंजींनीच ती पितळी मूठ धरली आणि स्वतःच्या तोंडावर मारून घेतली. एकदा, दोनदा, मग मोजायला कोणी शुद्धीवर नव्हतं. मी कोयता टाकला आणि ह्यांच्याबरोबर त्यांचे हात धरून ठेवले. ओठ फाटला, पुढचा दात गेला, नाक वाचलं. सदू डोळ्यांवर फडकं तसंच ठेवून कोपऱ्यात हुंदके देत होता.

छडी ह्यांनी भट्टीत घातली. पिढ्यान्‌पिढ्या तेल प्यालेला तो वेत असा पेटला की घर, परस, रस्ता चंदनाने भरून गेला. शेजारची माणसं विचारायला आली, आज काय काढलंय म्हणून. हे भट्टीच्या अगदी जवळ उभे होते. आमचे चेहरे बघून त्यांनी मला हळूच विचारलं, "येतोय का वास?" मी हो म्हटलं. मामंजी ओठाला फडकं दाबून पायरीवर बसले होते. त्यांनी ते ऐकलं. राखेत पितळी मूठ उरली, ती मी मोडीत घातली.

माहेरी जायचं राहून गेलं. मामंजी काही गरीब गाय झाले नाहीत. दुकानात बुचं उडतच होती. पण सदूला शिकवायला बसले की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. पोरगा चुकला की नाकपुड्या फुलायच्या, मांड्यांखालचे हात धडपडायचे, कपाळाला घाम यायचा. मग ते दाताच्या फटीतून विचारायचे, "अजून कसला वास येतोय तुला?" कधी बाहेर कोणी विडी ओढत असायचं, कधी माझी फोडणी असायची. पोरगा बहुतेक वेळा बरोबरच असायचा. आज सदू मोठा अत्तरवाला आहे. हाताखालचं माणूस चुकलं की आधी तोच प्रश्न विचारतो. नाकपुड्या मात्र त्याच्याही फुलतात, आणि त्या वेळी मी त्याच्या हातांकडे बघत राहते.

छडी जाळल्यावर दोन-तीन वर्षांनी मामंजींनी अंथरूण धरलं. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "माझ्या चितेवर चंदन नको. त्याला सांग." मी ह्यांना सांगितलं.

मामंजी गेले त्या दिवशी परसात तिरडी बांधली. कोपरहून भागीबाय आली होती, ती हंबरडा फोडून रडली. माणसं तिरडी उचलायला वाकली तेवढ्यात हे आत गेले आणि फळीवरचा चंदनाचा एक तुकडा घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, नको म्हणाले होते." ह्यांनी ऐकलं नाही. मामंजींच्या उशाशी बसले, तो तुकडा स्वतःच्या वाकड्या नाकाशी नेला, दसऱ्याच्या पाटावरच्यासारखे डोळे मिटून खूप वेळ हुंगला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चंदन."

मग तो मामंजींच्या उजव्या हातात ठेवून त्यांनी बोटं मिटली.