महालक्ष्म्यांच्या पेटीतली पिसं

नेरच्या त्या गल्लीत कुजबुज अशी होती की, नंदाबाईनं मधुसूदनरावांच्या घरावर करणी केली. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीत कोंबडीची पिसं निघाली, तीही लाल रेशमानं बांधलेली. शेजारच्या मधुवंतीकाकूंनी ही बातमी कुणाला न सांगण्याच्या अटीवर सगळ्यांना सांगितली.

मधुसूदनराव म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. घरात अंडंसुद्धा येत नाही. अशा माणसाला उतारवयात नाद लागला तो मासे धरायच्या माश्या बांधण्याचा! मुलगा अनिकेत कुलूकडे नोकरीला. तिथं त्यानं बापाला नदीवर ट्राउट धरायला नेलं. रावांनी मासा धरला नाही, खाण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण गळावर बांधलेल्या त्या चिमुकल्या खोट्या माशीवर त्यांचा जीव जडला. बारीकसा गळ, त्यावर रेशमाचा धागा आणि पुढच्या टोकाला कोंबडीचं एक मऊ पीस गुंडाळलेलं. पाण्यात गेलं की पिसाचे केस किड्याच्या पायांसारखे हलतात. धागा जास्त ओढला तर तुटतो, सैल सोडला तर पीस निसटतं. दुपारी बायको, म्हणजे शुभदाकाकू, झोपल्या की राव दार लावून बसायचे आणि बांधलेल्या माश्या मुलाकडे पाठवायचे. बायकोला सांगितलं होतं, घड्याळं दुरुस्त करतो. घरातलं एकही घड्याळ धड चालत नव्हतं, तरी त्या माउलीला शंका आली नाही.

पीस मात्र आणायचं कुठून? चिकनच्या दुकानासमोर राव दिसले असते तर मधुवंतीकाकूंची दिवाळीच झाली असती. म्हणून त्यांनी भांडी घासायला येणाऱ्या नंदाबाईला गाठलं. तिच्या तांड्यावर तपकिरी कोंबड्या होत्या.

"मानेची गळालेली पिसं आणून दे. काकूला सांगू नको."

"नाई सांगत," ती म्हणाली. "पण काका, कायले पायजे? टोपीत खोवता का?"

पिसं आली. माश्यांच्याच लाल रेशमानं जुडी बांधून ती लपवायला रावांनी वर्षातून एकदाच उघडणारी जागा शोधली: माळ्यावरची महालक्ष्म्यांची पेटी. एकदा उघडते म्हणजे उघडतेच, हे शहाण्याच्या लक्षात राहिलं नाही.

सणाआधी मुखवटे पुसायला शुभदाकाकूंनी पेटी उघडली, तर ज्येष्ठेच्या गालाला पीस चिकटलेलं. पेटी माळ्यावर चढवायची-उतरवायची ती नंदाबाईच.

"तुझ्या कोंबडीची ना ही?"

नंदाबाईनं रावांकडे पाहिलं. राव वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. जाहिरातींचं पान होतं.

"हो, माह्याच कोंबडीची हायेत."

"मग पेटीत काहून ठेवली?"

ती भांड्यांकडे वळली. शब्द दिला होता. काकूंनी तिला त्याच पावली घरी पाठवलं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही तिचं काम बंद केलं.

पुढे ती रावांना बसस्टँडवर भेटली. "काका, तांड्यातल्या बायाही आता मले इचारून राह्यल्या. काय सांगू?"

"सण होऊ दे," राव म्हणाले. म्हणताना त्यांना तिच्या चपलांकडे बघावं लागलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगत बसली. मधुवंतीकाकू आंबील वाढत आल्या. "बरं झालं भावजी, ती गेली. आमच्याकडे तर आम्ही तिला अंगणातही येऊ देत नाही."

समोर ज्येष्ठा उभी होती. शुभदाकाकूंनी तिचा तो गाल इतका घासला होता की रंग उडाला होता. रावांनी घास पानात ठेवला. ते उष्ट्या हातानं, भर पंगतीत उठले. बोलले, पण आवाज इतका बारीक की पुन्हा सांगावं लागलं. शुभदाकाकूंच्या हातातली पुरणाची परात तशीच राहिली.

करणी कुणीच केली नव्हती. पिसं मधुसूदनरावांनी नंदाबाईकडून मागून घेतली होती आणि पेटीत त्यांनीच ठेवली होती.