गालाला लावलेलं औषध

एकेकाळी मी स्वतःच्याच डोळ्यात स्वतःचं दूध पिळलं होतं... हसा खुशाल, आता मीही हसते. तान्ह्या बाळाच्या आईचं दूध डोळ्याला गुणकारी, अशी आमच्या मोहाडीकडे समजूत. लेक पाळण्यात होती, तेव्हा अर्ध्या गल्लीचे लाल डोळे माझ्याकडे यायचे आणि मी वैद्यीणबाईसारखी मिरवायची. सत्तरचं दशक सरत आलं होतं. ऐन मळणीत धानाचं कुसळ माझ्याच डोळ्यात गेलं, मग मी दुसरं काय करणार!

गेल्या महिन्यात माझ्या मोठ्या जाऊबाई गेल्या. त्यांना आम्ही बाई म्हणायचो. फोनवर पुतण्या रडत होता आणि मला आठवत होता त्यांचा अंगठा, माझी पापणी वर ओढून धरणारा.

दुधानं डोळा बरा व्हायच्या ऐवजी सुजला, बुबुळावर पांढरा ठिपका आला. मी पदर ओढून लपवत होते. बाईंनी तो मागे सारला, पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"चाल भंडाऱ्याले."

"बाई, तुमच्या बांध्यांतलं सारं धान खळ्यावर पडलं आहे ना!" बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं खाचर.

"पडू दे."

डॉक्टर म्हणाले, जंतूंनी बुबुळावर जखम केली आहे. औषधाचा थेंब तासातासाला, रात्रीसुद्धा. हयगय केली तर डोळा जाईल. दवाखान्यातच राहिलो. बाईंच्या एका मांडीवर माझी लेक, दुसरीवर माझं डोकं. थेंब मिरचीसारखा झोंबायचा. एकदा मी डोळा गच्च मिटला, औषध गालावरून ओघळू दिलं आणि साळसूदपणे म्हणाले, "पडला, बाई."

बाईंनी माझ्या गालावर बोट फिरवलं.

"गालाले रोग झाला का व तुह्या? उघड!"

मी रडले, चिडले, त्यांचा हात झटकला. त्यांनी एकही थेंब चुकू दिला नाही. हळूहळू जखम भरली. एक फिकट डाग उरला, पण नजर वाचली. आज हे त्याच डोळ्यानं लिहिते आहे.

घरी परतलो, तर अवकाळी पावसानं खळ्यावरच्या धानाला मोड आले होते. बाईंनी ओंजळभर धान उचललं, पाहिलं, पुन्हा ढिगावर टाकलं. मला हुंदका आवरेना. "बाई, माह्यापायी तुमचं धान गेलं..."

त्या माझ्याकडे वळल्या.

"धान पुढल्या सालीबी होते, कौसे. डोळा कोनत्या बांधीत पेरू?"