घोरण्याचा रकाना

माझा भाऊ सुहास मंगळवारी दुपारी वारला. सकाळी तो ट्रॉलरवरून घरी आला, पेज जेवला आणि झोपला. एक वाजता आई त्याला जेवायला उठवायला निघाली. मी शेजारच्या खोलीत कामाचे फॉर्म तपासत होते. मी म्हटलं, "झोपांदे तेका." तीन वाजता आई पुन्हा गेली, तेव्हा त्याचा श्वास थांबला होता.

त्या फॉर्मबद्दल आधी सांगते. औषधांच्या आणि नशेच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात मी काम करते. किनाऱ्यावर असे मृत्यू वाढतायत का आणि त्यांतले कुठले अडवता आले असते, हे आम्ही पाहतो. अडचण अशी की हे मृत्यू कागदावर तसे येतच नाहीत. माणूस घरात गेला की दाखल्यावर बहुधा 'हृदयक्रिया बंद पडून' असं येतं. ते खोटं नसतं. शेवटी प्रत्येकाचीच बंद पडते. म्हणून आम्ही घरी जाऊन शेवटच्या दिवसाबद्दल विचारतो. याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. शरीर न उघडता, घरच्यांच्या सांगण्यावरून कारण शोधायचं. मूळ फॉर्म इंग्रजीत होता. त्याचं मराठी मी केलं होतं, आणि ते चांगलं झालं आहे असं मला वाटत होतं.

सुहासच्या दाखल्यावरही हृदयक्रियाच होती. तेराव्यानंतर त्याची पिशवी धुवायला काढली, तर आत गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स मिळाल्या. कंबरदुखीवरचं, अफूच्या जातीचं औषध. जाळी ओढून कंबर गेलेले खलाशी या गोळ्या एकमेकांना देतात. वर दारू घेतली की दोन्ही मिळून श्वास मंद करतात. मी स्ट्रिप्स कपाटात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

पहिलं घर तारकर्लीत होतं. जुबेदाभाबींचा नवरा महिन्यापूर्वी दुपारच्या झोपेत गेला होता. तोही गोळ्या घ्यायचा, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मी प्रश्न वाचत गेले. ताप होता का? नाही. छातीत दुखत होतं का? नाही. श्वासाला त्रास होत होता का?

"त्रास खंय?" त्या म्हणाल्या. "मस्त घोरत होते. भायेरच्या पडवीत आयकाक येय होता. दर्यावरून आयलेल्या माणसाक कोण उठयता?"

मी सवयीने 'नाही' वर खूण केली. मग पेन तिथेच थांबलं.

दर्यावरून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, तो आपण होऊन उठेल, हा आमच्याकडे नियम आहे. माझे वडीलही खलाशी होते. ते झोपले की आम्ही घरात पाय न वाजवता चालायचो. पण या गोळ्यांच्या गुंगीत घसा सैल पडतो आणि श्वास अडकत अडकत येतो. बाहेरून ते गाढ घोरणं वाटतं. मध्येच घोरणं थांबतं, घशात खळखळ होते, ओठ काळे-निळे पडतात. तेव्हा हलवूनही माणूस जागा होत नसेल, तर तो झोपलेला नसतो. १०८ला फोन करून त्याला कुशीवर वळवायचं असतं. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर श्वास परत येऊ शकतो. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. सुहास त्या दिवशी घोरत होता. मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं.

मी पुण्याला साने मॅडमना फोन केला. प्रकल्प त्यांचा. फॉर्ममध्ये घोरण्याचा प्रश्न हवा, असं मी म्हणाले. अभ्यास अर्ध्यावर असताना फॉर्म बदलता येत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग मी आधीच्या घरांत परत विचारायची परवानगी मागितली. ती मिळाली. आणखी दोन घरांत तेच उत्तर आलं. दोन्हीकडे माझ्याच हाताने 'श्वासाला त्रास नाही' अशी खूण होती. हे जवळच्या रुग्णालयाला कळवूया, असं मी मॅडमना म्हटलं.

"तीन घरांवरून रुग्णालयाला काय सांगणार?" मॅडमनी विचारलं.

"चार आहेत. चौथं माझं."

त्या म्हणाल्या, "तुला स्वतःच्या घरची मुलाखत घेता येणार नाही. संजयला पाठवते. आईची तयारी असेल तरच."

संजय सावंत कट्टा गावचा, माझा सहकारी. आईने त्याला आधी चहा दिला, मग समोर बसली. मी पडवीत थांबले. दार उघडं होतं. त्याने नवा प्रश्न विचारला. आई म्हणाली, "तो घोरत होतो. लय घोरत होतो."

"उठवून बघितलंत काय?"

"नाय."

"कोणी नको म्हणालां?"

आईने पडवीकडे बघितलं. "कोण म्हणतलो? मीच म्हटलंय, झोपांदे."

संजय लिहू लागला. मी एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरांतून खरं उत्तर मागत आले होते. मी उठून दारात गेले.

"संजय, ता खोड. मी म्हटलेलंय. आये उठवक निघालेली."

आई माझ्यावर रागावली. म्हणाली, कागदावर कोणाचं नाव आलं तरी काय फरक पडतो, तुला अजून आयुष्य काढायचं आहे. मग तिने विचारलं, "तेव्हा उठयलो असतो तर?"

मुलाखतीत अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे. मुलाखत माझी नव्हती, म्हणून मी उत्तर दिलं. "तो वाचलो असतो, आये. बहुतेक."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मग लिव. सुहासचा नाव नको. घोरत होतो, ह्यां लिव. आणि लोकांका सांग, एकदा हाक मारून बघा म्हणान."

मॅडमनी फॉर्म बदलला नाही. शेवटी एक जादा पान जोडलं. त्यात दोन प्रश्न आहेत: मोठ्याने घोरत होते का? हलवल्यावर जाग आली का? जवळच्या रुग्णालयाला आम्ही पत्र दिलं. नॅलोक्सोन तिथे होतं, पण आत स्टोअरच्या कपाटात. आता ते इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवतात. बंदरावर मासे उतरवतात तिथे एक फलक लागला आहे. त्यावर आईचं वाक्य प्रमाण मराठीत आहे. खलाशी ते वाचून हसतात, एकमेकांना कोपराने ढोसतात. पण वाचतात.

या कामातून मी एवढंच शिकले की लोक विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात. न विचारलेल्याचं देत नाहीत.

सुहासच्या खोलीचं दार आता उघडं असतं. दुपारी मी आडवी झाले की आई स्वयंपाकघरातून हाक मारते. काम काहीच नसतं. मी ओ देते. ती परत आपल्या कामाला लागते.